जाळ्याला घातलेला वळसा

बाबा, शिडाच्या होड्यांच्या निवड चाचणीला उतरणार की नाही, हे उद्या दुपारपर्यंत प्रशिक्षक सरांना कळवायचं आहे आणि मी सकाळपासून घरात नुसत्या येरझारा घालते आहे. आई वैतागली. "बस ना गो एका जागी, डोकं फिरवलंस माजं," म्हणाली आणि अंगणात बोंबील वाळत घालायला गेली. मग मी आपल्या पालघरच्या माहीमहून चालत केळव्याच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आले. तिथं शनिवारची गर्दी. एका पोरीने ओळखलं, सेल्फी घेतला आणि तिनेही तेच विचारलं, "ताई, परत कधी उतरणार?" मी हसले आणि सटकले.

तुला माझ्या खेळाचं कौतुक कमी आणि हसू जास्त. "आमच्या आज्याकडं इंजिन नव्हतं म्हून शीड होतं. तुला काय झालंय?" असं म्हणायचास. शर्यत म्हणजे पाण्यातल्या खुणांना फेऱ्या मारून निघालो तिथंच परत यायचं, हे तुला समजावून सांगितलं तेव्हा तू गंभीरपणे विचारलंस, "आन मावरं?" मासळी न घेता समुद्रावरून परत येणारी आपल्या घराण्यातली मी पहिलीच. पण दोराने सोललेले माझे तळवे पाहिलेस आणि दुसऱ्याच दिवशी बोईसरला जाऊन रसायनांच्या कारखान्यातल्या कामगारांचं सामान मिळणाऱ्या दुकानातून हातमोजे आणलेस. दुकानदाराने विचारलं म्हणे, "ॲसिडवाला चाहिए?" तू म्हणालास, "नाय, खारा पानीवाला." कोपरापर्यंत येणारे ते नारिंगी रबरी मोजे! ते घातले की हातात दोर आहे की नाही तेही कळेना. सरावाला सगळी पोरं खो खो हसली. मी मात्र दिवसभर ते काढले नाहीत.

मुंबईतली ती पहिली मोठी शर्यत अजून डोळ्यांपुढे आहे. मी सगळ्यांच्या पुढे आहे, वारा पाठीवर आहे, आणि समोर कुणा कोळ्याच्या जाळ्याचे बोये तरंगतायत. मागच्या पोरी होडीच्या पोटातून पाण्यात उतरणारी फळी वर ओढून घेतात आणि जाळ्यावरून सरळ निघून जातात. मी वळसा घालते, चांगला लांबलचक. पदक गेलं. किनाऱ्यावर सर सगळ्यांदेखत ओरडले, "शर्यतीला आलीस की मासेमारीला?" घरी येऊन मी तुझ्यापुढे रडले. तू फाटलेलं जाळं शिवत बसला होतास. मान वर न करता म्हणालास, "लोकाचं जालं हाय ते. त्याच्यावरून जायचं नाय म्हंजे नाय." मला वाटलं, आता पाठीवरून हात फिरवशील. तर म्हणालास, "पन येवडा वलसा कशाला? जरा जवलून जायचं ना! हरलीस ती आपल्याच अकलेनं." त्या दिवशी मी जेवले नाही, इतका तुझा राग आला होता. पुढे मी बोयांच्या अगदी कडेने होडी काढायला शिकले आणि जिंकत गेले. परदेशातून पदक आणलं तेव्हा तू ते नारळीपौर्णिमेला आपल्या होडीच्या टोकाला ठेवलंस, त्याला हळदकुंकू लावलंस आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवलंस. पुढची नारळीपौर्णिमा तुला दिसली नाही.

आता गेल्या शर्यतीचं सांगते. वाऱ्याच्या एका झोतासरशी होडी उलटली. होडी उलटणं मला नवीन नाही; उलटते, आपण वर चढतो, पुढे निघतो. या वेळी मी शिडाखाली सापडले. खांदा दुखावला म्हणून घरी बसलेय असं सगळ्यांना वाटतं. खांदा कधीच बरा झाला, बाबा. डॉक्टरांनी परवानगी दिली, सर रोज फोन करतात, आणि या वेळी उतरले नाही तर या वयात पुन्हा कुणी बोलावणार नाही, हे मलाही कळतं. पाण्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि होडीला नुसता हात लावते आणि परत फिरते.

हे आईला सांगता येत नाही, सरांना तर नाहीच. हे पत्र तरी कुठे टाकणार? तुला सहीपुरतंच लिहिता-वाचता येत होतं. तरी सांगते. शिडाखालच्या त्या हिरवट अंधारात तू होतास. नुसता शेजारी बसलेला, कसलीच घाई नसल्यासारखा. आणि मी हातपाय मारायचे थांबवले. भीती वाटली नाही, उलट खूप दिवसांनी बरं वाटलं. बचावाच्या बोटीवरच्या माणसांनी ओढून काढलं, तेव्हा मला त्यांचा राग आला. भीती नंतर वाटली, घरी आल्यावर, आईला पाहून.

उद्या मी सरांना हो म्हणणार आहे. मला अजून जिंकायचंय, बाबा. तू होडीत येऊ नकोस.