रिकाम्या जागांवरच्या चिठ्ठ्या

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

डिस्कवाल्यांनो, आपल्याला लुटलंय! — भाषण असंच सुरू करायचं. पुढच्या रविवारी, मुबीनच्या दुकानात.

आज नव्या गेमची डबी फोडली. आत डिस्कच नाही! एक कागद, त्यावर कोड. म्हणजे मी डबी विकत घेतली. निव्वळ प्लास्टिक!

मुबीन म्हणाला, ‘ताई, आता कन्सोलपण बिनडिस्कचाच खपतो. पुढच्या सोमवारी कपाट काढतो. तिथं मोबाइलची कव्हरं नि चार्जर लावीन.’

चिंचवड स्टेशनजवळच्या त्याच्या दुकानातलं ते गेमचं कपाट! बारा वर्षं आम्ही पंचवीस-तीस जण त्यावर खेळतोय. आपली खेळून झालेली डिस्क ठेवायची, दुसऱ्याची न्यायची, ती परत आणेपर्यंत रिकाम्या जागी आपल्या नावाची चिठ्ठी उभी करायची. नाव आतल्या बाजूला — कुणी तगादा लावू नये म्हणून. ना डिपॉझिट, ना ओळखपत्र. वाचनालयानंही माझ्यावर एवढा विश्वास कधी टाकला नाही.

हे कपाट जाऊ देणार नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

कंपनीच्या बसमध्ये चाकणपर्यंत ओंकारशी भांडण. डिझाइनमधला, ताथवड्याला राहतो. ‘आम्रपालीताई, फ्लॅटमध्ये डबे ठेवायला जागा कुठाय? बटण दाबलं की गेम हजर!’

‘आणि त्यांनी बटण दाबलं की गायब! अटी वाचल्यास?’

‘अटी कोण वाचतं राव!’

मी वाचते! त्यात स्पष्ट लिहिलंय — गेम तुमचा नाही, तुम्हाला खेळायची परवानगी आहे, ती काढून घेता येते. खोली रिकामी करा म्हणायला घरमालक निदान दारात येऊन उभा राहतो. त्याच्याशी भांडता तरी येतं. इथे नुसता मेल येणार.

मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, ‘ओंकारभाऊ, उतरा आता, ताईंची युनियनची गेटसभा सुरू झाली.’ बस हसली. हसू दे!

बुधवार, ५ नोव्हेंबर

खरं लिहायचं तर नवा कन्सोल झकास आहे. गेम क्षणात चालू होतो. चिखलातून गाडी जाताना कंट्रोलर असा थरथरतो की तळहाताला चिखल कळतो. मी प्रगतीच्या विरोधात नाही. पण डिस्कची खाच बुजवायची आणि तिला सुधारणा म्हणायचं, हे चालणार नाही!

आणखी एक नवी सोय — ‘कुटुंब’ म्हणून नोंद करा, मग गेम वाटून घ्या. माझं कुटुंब कोण, हे कन्सोल ठरवणार? माझं कुटुंब त्या कपाटासमोर उभं असतं.

भाषणासाठी एक संदर्भ हवा होता. सापडला नाही. घर बदलून दोन वर्षं झाली, तरी पुस्तकांची तीन खोकी तशीच बांधलेली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

निघोज्याला अरबाजच्या गॅरेजवर गेले, रविवारी ये म्हणून सांगायला. तो गाडीखालूनच बोलला.

‘येतो की ताई. पण कपाटात राहिलंय काय? तो डोंगरातल्या रेल्वेचा गेम मी चार वर्षं शोधतोय. शेवटचा घाट राहिला नि मी परत ठेवला, लोकांनाही खेळू दे म्हणून. नंतर बघतो तर तिथं चिठ्ठीच उभी!’

‘कुणाची?’

‘उलटून नाही बघितली. बरं दिसत नाही ते.’

असल्या माणसांसाठी बोलायचंय.

रविवार, ९ नोव्हेंबर

बोलले! गेटवर बोलते तशी. दुकान भरलं, फुटपाथ भरला. ओंकारसुद्धा आला होता, चक्क दोन डबे घेऊन. म्हणाला, ‘बसमध्ये परत भाषण नको म्हणून आणलेत.’

अरबाजची गोष्ट सांगितली, नाव न घेता. म्हटलं, ‘सर्व्हर बंद करणारी कंपनी आणि डिस्क दाबून बसलेला माणूस, यांच्यात फरक काय? दोघेही दरोडेखोर!’ टाळ्याच टाळ्या. अरबाजची शिट्टी!

सगळे पांगल्यावर मुबीन म्हणाला, ‘ताई, टाळ्या झाल्या. आता कपाट बघा. डबे एकोणीस. चिठ्ठ्या एकशे सहा. हे काय कंपनीनं केलं?’

मी स्वतः मोजून पाहिल्या. मग म्हटलं, ‘चिठ्ठ्या दे. एकेकाच्या दारात जाते. उद्या कपाट काढू नकोस.’

‘पंधरा दिवस थांबतो. बास.’

रबर लावून गठ्ठा हातात दिला. त्यानंही एकही उलटून पाहिलेली नव्हती.

सोमवार, १० नोव्हेंबर, सकाळ

रजा टाकली. दारोदार जायचं म्हणून चिठ्ठ्या गावांप्रमाणे लावत होते. बाविसावी —

‘रेल्वेवाला गेम नेला. आठवड्यात आणते. — आम्रपाली.’

अक्षर माझं!

दुसऱ्या खोक्यात होती डबी, पुस्तकांच्या तळाशी. एकदाही लावलेली नाही.

बाकीच्या एकशे पाच चिठ्ठ्यांना हात लावायचा नाही अजून. ऊठ, बाई. हेल्मेट घाल, निघोज्याला जा, डबी अरबाजच्या हातात ठेव. आणि चिठ्ठीसुद्धा दे — नाव त्याच्याकडे करून.