दारावर निजवून आणलेला भाऊ

नागपूर, ८ फेब्रुवारी १९५५

शामकलाबाईले, लहान भाऊ दुधराम पाया पडतो.

धानाच्या पेंढ्या रचलेल्या पुंजण्यावरून पडल्यापासून आज पहिल्यांदा डाव्या पायाचा अंगठा हलला! डॉक्टर म्हणतात, मणक्यातल्या नसेले मार लागला तिथं रक्तातले पांढरे कण मदतीले धावले, पण त्यांच्यामुळं आलेल्या सुजेनंच नस दबली. आता सूज उतरून राहिली.

"बसवून आणलं असतं तर नस तुटली असती," असंही ते म्हणाले. सारे मले बैलबंडीत बसवत होते तेव्हा तूच ओरडलीस, "काऊन हलवता? दार काढा, त्यावर निजवा!"

उजवा पाय अजून मुका आहे, हे मायले सांगू नको. तिचा खोकला कसा आहे?

दाराची गोष्ट ऐकून डॉक्टरनं विचारलं, "बहीण शिकलेली आहे का?"

मी म्हटलं, "नाही जी. मले सांभाळायची तिले लहानपणापासून सवय आहे."

तुझ्यामुळं वाचलेला,
दुधराम