बोंबील घ्यायला आलेली आई

आई, तुझ्या नातीने माझ्यावर घोर अन्याय केलाय. आज सकाळी तिने फोनचं लोकेशन बंद केलं. कारण काय, तर बॅटरी खातं! सोळा वर्षं मी तिला खाऊ घातलं, आणि आता माझ्यावाचून हिची बॅटरी वाचणार.

मैत्रिणींबरोबर पहिल्यांदाच मढला निघाली होती, वर्सोव्याहून बोटीने. हिच्या वयात माझी पहिली बोटही तीच. तेव्हा तू "खुशाल जा" म्हणालीस आणि मी जेट्टीवर पोचले तर तू कापडी पिशवी घेऊन कोळणींसमोर उभी. नाकाला पदर. आपल्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद!

"ए, ती तुझी आई ना? तुम्ही मासे कधीपासून खाता?" मैत्रीण म्हणाली.

मी ओळख दाखवली नाही, तूही नाही. पण कोळीण कुठे सोडते? "बाय, घेतेस का नुसती बघतेस?" तू निमूट बोंबील घेतलेस आणि शेजारच्या काकूंना नेऊन दिलेस. घरी येऊन मी थयथयाट केला, "तू माझी लाज काढलीस! तू आई आहेस की सीआयडी?" तू शांतपणे म्हणालीस, "बोंबील स्वस्त होते गं." आठवडाभर मी तुझ्याशी बोलले नाही. त्या वयात मला वाटायचं, आई होण्याआधी बायकांना छळायचं रीतसर ट्रेनिंग देत असावेत.

तर आज तुझी नात दारात चपला घालून उभी. "तू मागे येणार नाहीस ना?"

"छे गं."

तरी ती जाईना. चपलेचा पट्टा लावते, काढते, पुन्हा लावते.

"जेट्टीपर्यंत येऊ?"

"ये. पण लांब उभी राहा. आणि ओळख दाखवायची नाही."

"कोण गं तू?" मी म्हटलं. हसली.

गेले. लांब उभी राहिले. बोट सुटली तशी तिने मैत्रिणींच्या डोक्यांवरून एकदा मागे वळून पाहिलं, मी दिसले, आणि लगेच अनोळखी चेहरा करून ती गप्पांत शिरली.

तो चेहरा माझाच, आई. त्या दिवशी मीही बोटीतून आधी तुला शोधलं होतं. पाण्याची भीती वाटत होती. तू दिसलीस, धीर आला, आणि मगच मी मान फिरवली. लाज काढलीस म्हणाले ते तू ऐकलंस. हे सांगायचं राहिलं होतं.