न उडालेला बार

४ फेब्रुवारी

चि. मिस्त्रीसाहेबांस,

आईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. इकडे लेकीकडे मी मजेत आहे. गुडघे सोडले तर सगळं जागेवर आहे, आणि गुडघेही जागेवरच आहेत, फक्त हलत नाहीत.

तुझं पत्र तुझ्या भाचीने, चिमणीने, वाचून दाखवलं. हल्ली तीच माझे डोळे आणि तीच माझा हात. मी बोलते ते सगळं लिही, गाळू नकोस, असा तिला दम दिलाय. तेव्हा या पत्रात काही लागलं तर ते माझंच समज, पोरीवर डाफरू नकोस.

अर्धं पत्र तुझ्या लेकाच्या, टिल्ल्याच्या, तक्रारींनी भरलं होतंस. पंधरा वर्षांचा झाला तरी दुकानाच्या मागच्या खोलीत बार उडाला की कान झाकून खाली बसतो, गिऱ्हाइकं हसतात, आणि तुला मान खाली घालावी लागते म्हणे. घाल की बाबा. तेवढंच चपलांकडे लक्ष जाईल. सूनबाईने लिहून कळवलंय, तळ गेलाय.

दुकानाचा नियम मला शिकवू नकोस. तुझ्या वडिलांनी घातलेला आहे. दुरुस्त झालेल्या बंदुकीवर शेवटचा हात ज्याचा, त्याने ती वाळूच्या पेटीत उडवून बघायची, मग चापाच्या कडीला लाल दोरा बांधायचा, आणि दोरा असेल तरच ती दाराबाहेर जायची. नियम चांगलाच आहे. पण मला सांग, पोराने बंदुकीचा पहिला दस्ता अक्रोडाच्या लाकडातून एकट्याने घडवला, तो हातात धरून तुझं जुनं गिऱ्हाईक खुळ्यासारखं कुरवाळत बसलं, हे तू दीड ओळीत उरकलंस. आणि त्याच्या भीतीला दोन पानं दिलीस. जे पोसायचं त्याला चारा घालावा, एवढं तरी कळतं ना तुला?

त्याला रोज बार उडवताना मुद्दाम जवळ उभा करतोस, हे मला पसंत नाही. सूनबाईला आशीर्वाद. टिल्ल्याला माझा गालगुच्चा, तो पुसून टाकेल हे ठाऊक आहे.

तुझी,
आई

(मामा, एक शब्दही गाळलेला नाही. — चिमणी)


१३ फेब्रुवारी

ती. आईच्या पायांशी सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. चपला शिवून आणल्या.

तू लांब आहेस म्हणून तुला सगळं सोपं दिसतं. इकडे शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं, मुलगा वर्गात साधी खुर्ची पडली तरी दचकतो, त्याला काय वाटतं ते घरी विचारत जा, आता मुलं वाढवायची रीत बदलली आहे. मी मान डोलावली आणि निघालो. आई, आम्हाला कुणी विचारलं होतं काय वाटतं म्हणून? बाबांनी हातात बंदूक दिली, म्हणाले उडव, मी उडवली. संपलं. बिघडलं का माझं काही? मुलगा आहे, त्याला उद्या हे दुकान चालवायचं आहे. भित्र्या माणसाकडे बंदूक दुरुस्तीला कोण देईल?

तर आता खूशखबर ऐक. गेल्या बुधवारी मी ठरवूनच टाकलं. बागवाल्याची दुनळी बंदूक तयार होती. तो रानडुकरं हुसकायला ती हवेत उडवतो. तिच्या बिजागरीची खीळ मी बसवली होती आणि दस्ता टिल्ल्याने चढवला होता, म्हणजे शेवटचा हात त्याचा. मी त्याला सांगितलं, आत जायचं, दार लावायचं, आणि बार उडवल्याशिवाय बाहेर यायचं नाही. कारागीर जेवायला गेले होते, मी एकटाच पुढे खराद चालवत होतो. थोड्या वेळाने बाहेर आला. चेहरा पांढराफटक, पण हातात बंदूक आणि कडीला लाल दोरा. खरादीच्या घरघरीतूनही तो बार ऐकला तेव्हा माझा ऊर भरून आला होता. कारागीर परतल्यावर मी सगळ्यांसमोर पुन्हा त्याची पाठ थोपटली. संध्याकाळी बागवाला बंदूक घेऊन गेला.

पाहिलंस ना? दोन दिवस कडक वागलं की होतं सगळं. शाळेतल्या बाईंना आता पेढा द्यायला हवा.

ताईला नमस्कार, चिमणीला आशीर्वाद. तुझी माया अशीच राहू दे.

तुझा,
मिस्त्री


१७ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न.

चिमणीताई, हे पत्र घरात सगळ्यांसमोर वाचू नकोस. आजीच्या जवळ बसून वाच.

आजी, मी बागवाल्यांची बंदूक उडवली नाही. मी आत गेलो, दार लावलं, काडतुसं भरली, बंदूक पेटीवर टेकवली. बोट चापावर ठेवलं. पण बार उडायच्या आधीच माझ्या आत उडतो. छातीत कुणीतरी दार आपटावं तसं होतं. किती वेळ तसाच होतो ते माहीत नाही. मग मी काडतुसं काढून घेतली आणि दोरा बांधला.

बाहेर आल्यावर सगळं कळणार, असंच मला वाटत होतं. बारच झाला नव्हता ना. बाबांनी विचारलं, उडवलास का. मी हो म्हणालो. ते हसले आणि पाठीवर थाप मारली. मला वाटलं, ते मला पकडण्यासाठी नाटक करतायत. पण नाही. मग मी मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला पान्याचा डबा पाडला. त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

आजी, बाबांना ऐकू येत नाही. उजवीकडून थोडं येतं. आईला माहीत असावं, कारण ती नेहमी त्यांच्या उजव्या बाजूला बसते.

खरं सांगितलं तर हेही सांगावं लागेल, आणि ते दुकानात सगळ्यांसमोर ओशाळतील. नाही सांगितलं तर ती न तपासलेली बंदूक बागवाल्यांच्या गालाला लागलेली असेल. मी दोनदा त्यांच्या बागेपर्यंत गेलो आणि फाटकातून परत आलो. मला झोप येत नाही. तू बाबांना काय सांगायचं ते सांग. मार खायची माझी तयारी आहे.

तुझा,
टिल्ल्या


१९ फेब्रुवारी

चि. मिस्त्रीस,

आशीर्वाद मागाहून. आधी एवढंच वाच आणि ऊठ. बागवाल्याच्या बंदुकीचा बार काढून पाहिलेला नाही. दोरा नुसताच बांधलेला आहे. आत्ता जा आणि ती परत आण. हे पत्र टपालावर न सोडता जावयाच्या हाती पहिल्या गाडीने पाठवते आहे. पुढचं आल्यावर वाच.

आलास? आता बस. पाणी पी.

पोराने हे मला आपणहून कळवलं. कुणी विचारलं नव्हतं, कुणी धरलं नव्हतं. हात उगारायचा असेल तर हे वाक्य चिमणीने जाड अक्षरात लिहिलंय, ते पुन्हा वाच आणि मग उगार. चूक त्याची आहेच. एखाद्याच्या जिवावर बेतली असती, आणि ते त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळलंय. झोप त्याची उडाली आहे, तुझी नाही.

आता तुझ्याकडे वळते. तू लिहिलंस, खरादीच्या घरघरीतून बार ऐकला आणि ऊर भरून आला. बाळा, जो बार उडालाच नाही तो तुला ऐकू कसा आला?

खोटं बोललास असं मी म्हणत नाही. तुला ऐकायचा होता, म्हणून ऐकलास. तुझ्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. चाळिशीत डावा कान, पन्नाशीला दोन्ही. सगळे कौतुक करायचे, काय छाती आहे, शेजारी बार उडाला तरी पापणी हलत नाही! हलेल कशी? या घरात भीती गेलेली मी कुणाची पाहिली नाही. कान गेलेले पाहिले. आणि तुम्ही त्यालाच धीट होणं समजलात.

मी त्यांच्याबरोबर कितीतरी वर्षं ओरडून संसार केला. ओरडून भाजी आणायला सांगता येतं. ओरडून भांडताही येतं, त्यात मी पटाईत झाले. पण ओरडून दुसरं काही सांगता येत नाही. शेजारच्या खोलीत सासूबाई असायच्या.

(इथे मी आजीला थांबू का विचारलं तर म्हणाली, पान उलट. — चिमणी)

तुला कुणी काय वाटतं ते विचारलं नाही म्हणतोस, खरं आहे. मीही विचारायला हवं होतं की नाही, ते आता राहू दे. पण न विचारल्याने काय होतं ते तुझ्या डाव्या कानाला विचार. टिल्ल्याचे कान धड आहेत. त्याचं अंग त्याला सांगतंय, की हा आवाज माणसाच्या कानासाठी नाही. ते ऐकणारा मुलगा तुझ्या घरात निपजला, आणि तू त्याला बहिरा करायला निघालास.

जावयाला चहा पाज आणि उत्तर त्याच्याच हाती दे.

वाट बघणारी,
आई


२० फेब्रुवारी

ती. आईस कृ. सा. न. वि. वि.

बंदूक आणली. बागवाला सुखरूप आहे. या पंधरवड्यात डुकरं फिरकली नाहीत म्हणून त्याने ती खुंटीवरून काढलीच नव्हती. मी त्याला खरं कारण सांगितलं. तो मटकन खाली बसला.

दुकानात आणून ती बाकाला आवळून बांधली. चापाला सुतळी लावली आणि भिंतीआडून ओढली, बाबा संशयी नळ्यांना करायचे तशी. उजव्या नळीचा बार नीट गेला. डाव्या नळीच्या बाराला बिजागरीची खीळ तुटली आणि बंदूक मधोमध उघडून मागे फेकली गेली. गाल जिथे टेकतो तिथे. दस्ता शाबूत राहिला, त्याला चरासुद्धा गेला नाही. खीळ मी बसवलेली होती, आई. लोखंड कच्चं होतं आणि मी ते कानशीखाली घेताना ओळखलं नाही. पूर्वी अशा धातूचा आवाज माझ्या कानाला कळायचा.

त्या बुधवारी टिल्ल्याने माझं ऐकून बार उडवला असता, तर ती त्याच्या गालावर उघडली असती. आधी मला वाटलं होतं हे तुला लिहू नये. मग वाटलं, तूही हे ओझं वाटून घे.

हात उगारला नाही. उगारायला तो वर गेलाच नाही. जावई आणि कारागीर समोर होते, त्यांना मी बाहेर जायला सांगितलं. दोघंच उरल्यावर टिल्ल्याला विचारलं, तुला काय वाटतं. वाक्य तोंडात बसेना. तो खाली बघून काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही. एरवी मी अशा वेळी बरं म्हणून मोकळा होतो, आई. गिऱ्हाइकांशीही तसंच करतो, कितीतरी दिवस. आज मी त्याला म्हणालो, मला ऐकू आलं नाही. पहिल्यांदाच म्हणालो, कुणापुढेही. तो तिथून उठला आणि माझ्या उजवीकडे येऊन बसला, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.

बरंच सांगितलं. त्याला लाकूड आवडतं, दुकान आवडतं, कारागीर आवडतात. बाराची भीती वाटते आणि ती जाईल असं त्याला वाटत नाही. मी सांगितलं, नाही गेली तरी चालेल. यापुढे त्याच्या हातून बार उडणार नाही. माझ्याही नाही, सगळ्या बंदुका सुतळीने, भिंतीआडून, कान बांधून. दोरा मी बांधेन. कारागिरांना वाटतं यात दुकानाची अब्रू जाईल. मी म्हणालो, जाऊ दे, परत आणता येते.

पण तो दुनळीच्या चूर झालेल्या बिजागरीकडे बघून रडला, आणि मला त्याला गप्प बस म्हणायचं सुचलं नाही. मीही त्याच्या शेजारी बसून राहिलो.

सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे जातोय. मला भीती वाटते. तुझ्यासमोर एवढं म्हणायला हरकत नाही.

तुझाच,
मिस्त्री


२४ फेब्रुवारी

माझ्या लेकरा,

तुला आणि तुझ्या लेकराला आशीर्वाद, दोघांना सारखेच.

पत्र चिमणीने वाचलं. तुटलेल्या खिळीच्या ओळीला ती अडखळली, म्हणून ती ओळ मी दोनदा वाचायला लावली. नीट ऐकली.

डॉक्टरांकडे एकटा जाऊ नकोस. टिल्ल्याला घेऊन जा. ते काय म्हणतात ते तुला अर्धंच ऐकू येईल, आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरशील, ती तुझी खोड आहे. तो सगळं ऐकेल आणि तुला घरी येताना सांगेल. भिणारा माणूस बरोबर असावा, तो काही सोडत नाही.

आणि सूनबाईजवळ बस. ती उजव्या बाजूला बसते हे पोराने पाहिलं, तू पाहिलं नाहीस. इतकी वर्षं तिने किती गोष्टी गिळल्या असतील, ओरडायच्या नव्हत्या म्हणून. हे पत्र तिच्याकडून वाचून घे, तिच्या रोजच्या आवाजात. एखादा शब्द निसटला तर मान डोलावू नकोस. लाजू नकोस. पुन्हा विचार. ती पुन्हा सांगेल.

तुमच्या सगळ्यांची,
आई