आवाज न करणारा जनरेटर

आबा,

गेल्या आठवड्यात तुमच्या जावयासोबत जनरेटर घ्यायला गेले होते. तुम्ही हसला असता. जन्मभर तुम्ही टेंपोत जनरेटर घालून लोकांची लग्नं उजळत हिंडलात, आणि तुमची लेक या वयात तो घेतेय चार ठिकाणं फिरायला म्हणून! रिटायर झाल्यापासून यांच्या डोक्यात एकच खूळ आहे. केजच्या एका वर्कशॉपातून जीपच्या मागं जोडायचं चाकांवरचं घर बनवून घेतलंय. पत्र्याची खोली, दोन पलंग, छोटा ओटा, वर पंखा. यांनी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, भिंतीवरच्या फोटोतला सासरा तेवढा ठाऊक. तुम्ही कसे गेलात हे त्यांना माहीत आहे, पण माहीत असणं वेगळं.

दुकानदारानं दोन जनरेटर समोर मांडले. एक उघड्या सांगाड्याचा, दोरी ओढून चालू करायचा, सुरू झाला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही असा. दुसरा पेटीत बंद, वर धरायला मूठ, बटण दाबलं की चालू. "ताई, ह्यो घ्या. चालू हाय का न्हाई ते बी कळत न्हाई. उशाला ठिवून झोपा बिनघोर," दुकानदार म्हणाला. तो बिचारा त्याचा माल विकत होता. माझ्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला. कारण यांनी पलंगाखाली त्याच पेटीच्या मापाचा कप्पा आधीच करून घेतला होता. म्हणजे मी वर झोपणार आणि खाली तो गुपचूप चालत राहणार. मी म्हटलं, मला हा नको. "अगं पण कावून?" हे म्हणाले, "त्या दुसऱ्यानं डोकं उठंल तुझं."  मला तुमच्या टेंपोतल्या डिझेलचा वास येत होता, आणि तिथं तर पेट्रोलचेच जनरेटर होते.

उमापूरच्या बाजूचं ते लग्न, मी तेव्हा लहान. लग्नं दुपारची, अवकाळी पाऊस आला की पहिली लाईट जाते, मग तुमचं राज्य सुरू. नवरदेवाचे मामा आवाजावरून कुरकुरले होते, मंगलाष्टकं ऐकू येत नाहीत म्हणाले, म्हणून तुम्ही टेंपोला आतून गोणपाट लावलंय, आणि पाऊस वाढला तशी मागची ताडपत्री खाली ओढून आत बसलाय. यंत्राला पाणी लागू नये म्हणून. मी मंडपात पंख्याखाली बसून बुंदी खातेय. माझ्या डोक्यावरचा पंखा तुम्ही फिरवताय याचा मला केवढा तोरा! पहिली पंगत उठते, दुसरी बसते. तुम्ही दिसत नाही, पण त्याचं कुणालाच काही वाटत नाही, कारण जनरेटरवाला शेवटच्या पंगतीला, आचाऱ्यांबरोबर आणि वाजंत्र्यांबरोबर जेवतो. तशी रीतच आहे. दिवे चालू, पंखे चालू, गाणी चालू. शेवटच्या पंगतीत तुमचं पान मांडलं, आणि मग एकजण हाक मारत टेंपोकडं गेला.

मला अजून राग येतो तुमचा, आबा. मी यंत्राजवळ खेळायला गेले की तुम्ही किती खेकसायचात! "धुरात बसायचं न्हाई, वाऱ्याकडच्या अंगाला ऱ्हा." एकदा तर पाठीत धपाटाही घातलात. लेकीला एवढं सांगणारा माणूस स्वतः ताडपत्री ओढून त्याच कोंडलेल्या धुरात कसा बसतो? माझ्या मनात तुम्ही अजून तिथंच बसलेले असता. पडदा ओढलेला, चेहरा दिसत नाही.

शेवटी दोरीचाच घेतला. आवाज जास्त म्हणून धूर कमी होत नाही, एवढं मला कळतं. पण ज्याचा आवाज सोसत नाही, त्याला माणूस आपण होऊन लांब ठेवतो. मी लांबलचक वायर घ्यायला लावली आणि पलंगाखालच्या कप्प्यात कांदे-बटाटे भरून टाकले. हे चिडले, मग "बरं बाई" म्हणाले.

आज दुपारी शेतात घर उभं करून पाहिलं. जनरेटर पार बांधाच्या पलीकडं, उघड्यावर, वारा घराकडून तिकडं वाहणारा. हे आत पंखा लावून आडवे झाले. मी बाहेर खुर्ची टाकून बसले. उठले, खिडकीतून पोट वरखाली होतंय का पाहिलं, बसले. पुन्हा उठले. यांना बहुतेक गाढ झोप लागली होती. जनरेटर केवढ्यानं धडधडत होता, आत पंखा गरगर फिरत होता, सगळं अगदी व्यवस्थित चाललं होतं, आणि मला ते बघवेना. मी बांधापलीकडं गेले आणि जनरेटर बंद केला.

"अगं ए! पंखा कावून थांबला? लई उकडतंय!" बनियनवर, केस विस्कटलेले, हे दार ढकलून बाहेर आले आणि दुकानदाराला शिव्या घालायला लागले. किती गोड वाटल्या मला त्या शिव्या! त्या दिवशी मंडपातले पंखे एकदा जरी थांबले असते, तर अख्खं वऱ्हाड तुमच्या नावानं ओरडत टेंपोकडं धावलं असतं.

यांनी पुन्हा दोरी ओढली. "नवाच हाय, असा मधीच बंद पडतोय म्हंजे काय," म्हणत परत जाऊन झोपले. तो मी बंद केला होता, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. आणि खरं सांगू का आबा, आता हे लिहिणं बाजूला ठेवून मी पुन्हा बंद करायला निघालेय.