यंत्रातला वहिनीचा आवाज

ता. ५ मार्च

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

आधी बातमी सांगते, तब्येत मग विचारते. तुम्ही घेताय त्या औषधाच्या चाचणीत आता माझा आवाज आहे.

इथल्या हॉस्पिटलात संशोधन करणाऱ्यांना सल्ला द्यायला रुग्णांचं आणि त्यांच्या घरच्यांचं एक मंडळ आहे. तुमचे दादा गेल्यावर मला त्यात घेतलं, कारण फुप्फुसं कडक होत जाण्याचा हा तुम्हा दोघांचा आजार मी घरात राहून पाहिलाय. पहिल्या सभेला मी शब्दकोश घेऊन गेले होते. आता चाचणी चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई मलाच विचारतात, हे वाक्य घरच्या माणसाला कळेल का. मी बहुधा नाही म्हणते.

चाचणीतल्या प्रत्येकाला रोज संध्याकाळी फोन जातो. करणारं माणूस नव्हे, कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र. दम लागला का, खोकला वाढला का विचारतं, उत्तर समजून घेतं आणि काही बिनसलंय असं वाटलं की नर्सला कळवतं. पण त्याचा आवाज स्टेशनवरच्या घोषणेसारखा होता, लोक फोन ठेवून द्यायचे. घरच्या माणसासारखं विचारा, असं मी सभेत म्हटलं आणि सगळे माझ्याकडेच बघायला लागले. मग भिंतींना जाड स्पंज लावलेल्या खोलीत बसून मी बातम्या, गोष्टी, औषधाच्या खोक्यावरच्या सूचना, पुढ्यात येईल ते मोठ्याने वाचलं. आठवड्याने त्यांनी यंत्र ऐकवलं. मी जन्मात न बोललेली वाक्यं माझ्याच आवाजात. अंगावर काटा आला आणि हसूही फुटलं. घरी येऊन हे ज्याला सांगावं असं कोणी नाही, म्हणून पायातली चप्पलही न काढता तुम्हाला लिहायला बसले.

तेव्हा सोमवारपासून रोज संध्याकाळी मी तुमच्याकडे. तुमच्या वाट्याला खरी गोळी आलीय की नुसती दिसायला तशी, ते मलाच काय, तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नाही. सगळी भिस्त तुमच्या उत्तरांवर आहे. जपून राहा.

लोभ आहेच, त्यात भर पडत राहो.
तुमची,
वहिनी

ता. १४ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझा फोन आला आणि मी आधी पदर सारखा केला. यांनी आतून विचारलं, वहिनी आल्यात का, चहा टाकू का. मी तुला विचारलं की आज भाजी काय केलीस. तू अगदी गोड आवाजात म्हणालीस की ते तुझ्या कामात बसत नाही. इतक्या वर्षांत तू मला असं तोडून बोलली नव्हतीस, म्हणून हसून हसून पुरेवाट झाली. शेजारीण म्हणते, नवऱ्यापेक्षा यंत्र बरं, रोज विचारतं तरी.

माझं मजेत चाललंय. दोन जिने चढते, उतरते. काळजी नसावी.

माया करतेस तशीच करत राहा.
तुझी,
नणंद

ता. २ एप्रिल

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

काल सभेत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. या वयात कानांना त्याची सवय कुठली असायला. यंत्राला माझा आवाज दिल्यापासून लोक फोन ठेवत नाहीत, दोन गोष्टी जास्तच बोलतात. कॉम्प्युटरवाला मुलगा म्हणाला, मावशी, तुम्ही आमचं यंत्र माणसाळवलंत.

एक कोडं मात्र उरलंय. काहीजण फोनवर छान आहे म्हणतात आणि दवाखान्यात श्वासाची तपासणी केली की आकडा खाली गेलेला. नावं आम्हाला कळत नाहीत. डॉक्टरीणबाई काळजीत आहेत, कारण औषध बाधत असेल तर ते वेळीच कळायला हवं. मी म्हटलं, यंत्राला धापेतलं बोलणं ऐकू येत नसेल, त्याचे कान तपासा. ते काम आता चालू आहे.

तुमची तपासणी कधी आहे, कळवा. वाट पाहते.

आठवण ठेवा, ती इथे रोज असते.
तुमची,
वहिनी

ता. ९ एप्रिल

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

यंत्राचे कान तपासू नका, ते चांगले आहेत. त्या काहीजणांत मी आहे.

तीन आठवडे झाले, वेणी घालताना मध्येच हात खाली घेऊन बसावं लागतं. जिन्याच्या वळणावर थांबून मी पिशवीत किल्ली शोधल्यासारखं करते. हे सांगायचं असं रोज ठरवते. मग फोन येतो, तू विचारतेस, दम लागला का, आणि तोंडातून मजेत आहे असंच निघून जातं. यंत्र आहे हे मला कळतं गं. पण दादाच्या आजारात मोरीच्या दाराबाहेर उभी राहून तू त्याचा खोकला ऐकायचीस, ते मी पाहिलंय. त्याच आवाजाला पुन्हा तेच कसं ऐकवू? दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझी,
नणंद

ता. १२ एप्रिल

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

पत्र वाचलं तशी डॉक्टरीणबाईंकडे गेले. तुमच्याकडच्या नर्सला त्यांनी माझ्यासमोर कळवलं, मग मी खुर्चीवर टेकले. राग कसला यायचा. तुमचे दादाही मला शेवटपर्यंत बरं आहे म्हणत. दाढी करायला घरी येणाऱ्या न्हाव्याला मात्र सगळं सांगत. छातीत कसं आवळतं, रात्री कशाची भीती वाटते, हे मला ते गेल्यावर त्याच्याकडून कळलं. एवढं माहीत असून मी सभेत घरच्यासारखं विचारा म्हटलं.

माझा आवाज काढून टाका, असं मी मंडळाला सांगितलं. डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या. एक म्हातारे गृहस्थ यंत्राचा फोन घेतच नव्हते, ते आता माझ्याशी बोलतात. शेवटी ठरलं की ज्याने त्याने निवडावं, मायेचा आवाज की परका. कोण विचारतंय त्याप्रमाणे उत्तर बदलतं, हे आता चाचणीतच मोजणार आहेत. सभा संपली तरी कोणी उठेना, इतकी मंडळी तावातावाने बोलत होती. मीही बोलले, वन्सं, पण माझा अर्धा जीव तुमच्या जिन्यावर होता.

तुम्ही परका निवडा. जीव सांभाळा, बाकी सगळं मागाहून.
तुमची,
वहिनी

ता. २१ एप्रिल

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझी नर्स येऊन तपासून गेली, तेव्हा हे घरी नव्हते आणि तिलाही मी अर्धंच सांगितलं. नवा आवाज मीटर वाचायला येणाऱ्या माणसासारखा आहे, कोरडा ठणठणीत. पहिल्याच संध्याकाळी मी त्याला वेणीपासून जिन्यापर्यंत सगळं सांगितलं. हे दारात उभे राहून ऐकत होते, त्यांनाही तेव्हाच कळलं. दुसऱ्या दिवशी मला दवाखान्यात ठेवून घेतलं. गोळी तूर्त थांबवलीय, नळीने प्राणवायू चालू आहे. मी चाचणीतच आहे. गोळी थांबलेल्या माणसाचंही त्यांना मोजायचं असतं म्हणे, आणि मला ते आवडलं.

काल घरी आले. वहिनी, मला बरं नाही. हे कागदावर लिहायला सकाळपासून तीनदा बसले. तू ये, महिनाभर राहायच्या तयारीने ये. यंत्रातल्या तुला फसवता आलं, पण समोर बसून माझी वेणी घालणाऱ्या तुला मी काय फसवणार.

लोभ आहे, म्हणून हक्काने बोलावतेय.
तुझी,
नणंद