अष्टमीला पुरलेल्या आजीस

प्रिय आजे,

तू मला ओळखत नाहीस. मी तुझ्या मंगळीची मुलगी, सुमन. तू गेलीस तेव्हा माझी आईच एवढीशी होती, तर मी तुला कुठून ठाऊक असणार! पण आता ओळखदेख बघत बसायला वेळ नाही. आईनं भाताला तोंड फिरवलंय. डॉक्टर आमच्याकडे न बघताच म्हणाले, घरी न्या, हवं ते द्या. तिला काही नकोच आहे. एकच हवंय, आणि ते दिवसभर चालू असतं, "मना आयजवल ठेव. ठेवशील ना गो?"

तिची आय म्हणजे तू. आणि तू कुठं आहेस ते आमच्यात कोणालाच माहीत नाही. म्हणून तुलाच लिहितेय. ज्यांना विचारावं ते सगळे गेले, तुला उचलून नेणारे गेले, तुझ्यावर माती लोटणारे गेले. आई आत्ता झोपलीय, तेवढ्यात जमेल तसं लिहिते.

खरं सांगू? मला तुझा रागच आहे. तुझा फोटो नाही, ठीक आहे, तेव्हा कोणाचा असायचा? पण काहीतरी खूण ठेवायचीस की! आपल्यात माणसाला जाळत नाहीत, मातीत ठेवतात, डोक्याशी एक दगड लावतात. अशा दगडांनी सगळा रायगड जिल्हा भरलाय. त्यातला तुझा कुठला, हे मी कोणाला विचारू?

आईला एक वाक्य तेवढं पाठ आहे. तू गेलीस तेव्हा ती निडीला, आपल्या वाडीवर, नव्हतीच. तूच तिला पेणकडे तुझ्या बहिणीकडं धाडलं होतंस, तिची पोरं सांभाळायला. तिथं एक नातेवाईक निरोप घेऊन आला आणि अंगणातूनच बोलला, "मंगळे, तुझ्या आयला अष्टमीला पुरली." बस. पाणी प्यायला आणि गेला. मेल्यानं आणखी दोन शब्द सांगितले असते तर त्याचं काय जाणार होतं?

तू निडीहून डोक्यावर मोळी घेऊन रोह्यापलीकडच्या अष्टमी गावाला विकायला जायचीस, हे आईला ठाऊक होतं. मग तिनं बाकीचं स्वतःच जुळवलं. आपली आय वाटेत मोळीखाली पडली असणार, एकटी. परक्या माणसांनी तिला तिथंच कुठंतरी पुरलं असणार. आजे, तिनं हे चित्र जन्मभर डोक्यात ठेवलं. आम्ही कधी रोह्याला गेलो की ती पूल ओलांडून अष्टमीत जायची, कुंडलिकेच्या कडेला मूठभर भात ठेवायची आणि उठताना म्हणायची, "तहान लागली आसल तिला." लहानपणी मला वाटायचं, ती नदीला जेवायला घालते.

तिनं अंथरूण धरलं तसं मी शोधायला निघाले. आमच्या गणपतीच्या कारखान्यात ऐन हंगाम चालू आहे. रामवाडीहून चालत जाते मी, कच्च्या मूर्ती घासायचं काम करते. शेठकडं सुट्टी मागितली.

"कोणाची माती?" त्यानं विचारलं.

"आजीची."

"अरेरे. कधी गेली?"

"आई लहान असताना."

तो माझ्याकडं बघतच राहिला. पण सुट्टी दिली, दुसरं काय करणार?

आधी कचेरीत गेले. तिथला माणूस चांगला होता, उगाच कशाला वाईट बोलू? त्यानं नाव विचारलं. म्हटलं, बुधी. आडनाव? आता तेव्हा तुला आडनावानं कोण हाक मारत होतं? तारीख? माहीत नाही. साल? आई म्हणते, तेव्हा तिचे स्वतःचे पुढचे दोन दात पडले होते. तो हसला नाही, उलट डोकं खाजवून म्हणाला, "ताई, मरण कळवायला कोण आलं असेल तरच नोंद होणार. तुमच्या वाडीवरनं त्या टायमाला कोण आलं असेल?" कोणी नाही. तू जन्मलीस तेही कोणी कळवलं नसणार.

मग अष्टमीत एकेकाला विचारत फिरले. पुरलेली माणसं म्हटल्यावर लोक कबरस्तानाकडे बोट दाखवतात, म्हणून तिथं गेले. दारात एक म्हातारे चाचा बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेटी, इथं फक्त आमचीच माणसं हायत. तुझी आजी इथं नाय. पण तू बस, पानी पी, तोंड किती उतरलंय." पाणी पिताना त्यांनी नाव विचारलं. बुधी म्हटल्यावर म्हणाले, "बुधवारची काय?" मी हो म्हटलं. आपल्यात ज्या वारी जन्म तेच नाव, आईचं मंगळवारचं. ते म्हणाले, "मी दुआ करतो तुझ्या बुधीसाठी. जिथं आसल तिथं पोचल." मी तिथंच बसून रडले, आजे. दिवसभर कोणी तुझं नाव असं तोंडात घेतलंच नव्हतं.

नदीकाठही पालथा घातला. जुनी माणसं म्हणाली, काठ किती वेळा खचला, किती वेळा भराव पडला, तुम्ही कुठं शोधताय? घरी आले की आई डोळे उघडून विचारायची, "गावली?" मी म्हणायची, गावेल. ती परत डोळे मिटायची. अशा वेळी वाटायचं, कुठलातरी दगड दाखवावा आणि सांगून टाकावं, हीच ती. तिला काय कळणार होतं? पण तिच्या तोंडाकडं बघून जीभ वळेना.

शेवटी निडीला गेले. खरं तर तिथं जायचं डोक्यातच नव्हतं. तू अष्टमीत आहेस म्हटल्यावर निडीला काय शोधायचं? म्हटलं, निरोप वाडीवरूनच आला, म्हणजे तुला पुरायला वाडीतलं कोणीतरी गेलं असणार; त्यांच्यापैकी कोणाचा पोरगा तरी असेल, बापाकडून काही ऐकलं असेल. वाडी आता ओढ्याकाठी नाही, वर टेकडीला आहे. तिथं बारकी मावशी भेटली. तुला आठवेल, तुझ्या शेजारच्या खोपटातली, आईबरोबर खेकडे धरायला जायची ती. आता तिला दिसतं कमी, पण बोलते खणखणीत.

मी म्हटलं, "मावशी, आजीला अष्टमीला कोण कोण घेऊन गेलं होतं?"

"कुटं?"

"अष्टमीला. पुरायला."

"आनी अष्टमीला कशाला नेतील? येडी हायस काय गो? पावसाचे दिस, ओढा भरलेला, मढं घिऊन तितवर कोन जाईल?"

"पण निरोप आला होता, अष्टमीला पुरली म्हणून."

निरोपाचे शब्द तिनं तोंडातल्या तोंडात घोळवले. मग मांडीवर हात मारून म्हणाली, "आगो, अष्टमीला मंजी गोकुळअष्टमीला! सकाळी घरातच गेली, माज्या आयनं चमच्यानं पानी पाजलं, तिसऱ्या पारी पुरली. दुसऱ्या दिशी गावात काला व्हता आन आमी पोरी काल्याला गेलो नाय, म्हनून ध्यानात हाय माज्या. हितंच पुरली. घराच्या खालती, ओढ्याजवल."

आजे, मला हसावं की रडावं कळेना. जी माणसं पोरांची नावं वारावरून ठेवतात, ती मरण तिथीवरूनच सांगणार ना? वाडीतल्या कोणालाही ते बरोबर कळलं असतं. पण आई होती पेणला, आणि तिच्या कानाला अष्टमी म्हणजे तुझी मोळी विकायची जागा. एका शब्दापायी पोर जन्मभर परक्या काठावर भात ठेवत राहिली. त्या निरोप्याला 'गोकुळ' एवढं म्हणायला काय झालं होतं?

मी म्हटलं, मावशी, जागा दाखव. ती काठी टेकत, चिखलातून, माझा दंड धरून खाली आली. आणि खाली भिंत, आजे. उंच, गुलाबी रंगाची, वर काचा लावलेल्या. आत कोणाचं तरी फार्महाऊस. वाडीची पुरलेली तुम्ही सगळी माणसं त्या भिंतीच्या आत आहात.

फाटकावर वॉचमन होता. मी म्हटलं, दादा, पाच मिनिटं आत सोडा, आमची माणसं आहेत आत.

तो म्हणाला, "आत कोनच नाय बाय. मी एकलाच ऱ्हातो हितं."

त्याची काय चूक? त्यानं मालकाला फोनही लावून दिला. मालक मुंबईला असतो. शांतपणे बोलला, सगळी जमीन रीतसर घेतलेली आहे, सातबाऱ्यावर कुठंही स्मशान नाही. नसेलच. मरणाच्या नोंदीत तू नाहीस, जमिनीच्या नोंदीतही नाहीस. मी म्हटलं, माझी आई शेवटच्या घटका मोजतेय हो, तिला तिच्या आईजवळ ठेवायची आहे. तो म्हणाला, तुमचं दुःख मी समजू शकतो, पण तिथं आम्ही पोरांना घेऊन येतो. मग फोन बंद.

फाटकाच्या गजांतून बघितलं. कापलेलं गवत, झोपाळा आणि पोहायचा तलाव, फरशीचा, निळा. वॉचमनला विचारलं, हा खणताना काय निघालं होतं? तो म्हणाला, मी नंतर आलो. मी गज धरून उभीच राहिले. बारकी मावशी मागून ओरडत होती, "तितं नाय गो, तितं नाय! उंबर दिसतो का तुला?" कोपऱ्यात, भिंतीला लागून, उंबर होता. "तेच्याच बुडाला," मावशी म्हणाली. "मी सोता बगितलंय." हे खरं की तिनं मला धीर दिला, देव जाणे. मी खरं धरलंय. न धरून करू काय?

घरी येऊन आईला अष्टमीचं सांगितलं. तिला समजायला वेळ लागला. मग तिनं माझं मनगट धरलं.

"मंजी ती घरात गेली?"

"घरात."

"डोकीवर मोळी नव्हती?"

"नव्हती गं आई."

"पानी पाजलं कोनी?"

"बारकी मावशीच्या आईनं. चमच्यानं."

आई खूप वेळ वर वाशांकडं बघत राहिली. डोळ्यांतून पाणी कानात चाललं होतं, पुसूही दिलं नाही. मग म्हणाली, "मंग बरं झालं. तितंच ने मना." इतक्या वर्षांत मी तिला असं हलकं झालेलं बघितलं नव्हतं. दुपारी चार घास पेजसुद्धा घेतली.

आणि मला घास उतरत नाही. तिथंच ने म्हणाली ती. कुठं नेऊ?

आज परत निडीला जाऊन आले. त्या भिंतीच्या बाहेर, ओढ्याच्या अंगाला, वाडीच्या लोकांची जुनी वाट आहे. तेवढी कोणाच्या मालकीची नाही. उंबराच्या फांद्या तिथं बाहेर आल्यात. वाडीतले लोक म्हणाले, आण तिला, आमी खणतो, कोन काय बोलतो ते बघू. आईला मी तिथं ठेवणार, अगदी भिंतीला लागून. हा माझा शब्द आहे तुला, मग मालक येवो नाहीतर पोलीस. भिंतीचा पाया फार खोल नाही, बांधायला वाडीतलेच लोक होते, तेच सांगतात. त्याच्याखाली तिकडची नि इकडची माती एकच आहे. मी तिला तिथवर आणते. पुढचं तू बघ, तेवढी सरकून जवळ घे तिला. लहानपणी दुसऱ्याच्या घरी धाडलीस, आता तरी परत पाठवू नकोस.

भिंतीचं मी तिला सांगितलेलं नाही. भेटली की तूही सांगू नकोस.

तुझ्या मंगळीची,
सुमन
रामवाडी, पेण